दोन रिंगांची खुशाली

आईचा मोबाईल नंबर मी बंद केला. फॉर्म भरून, खाली तिचा अंगठा घेऊन, साक्षीदार म्हणून स्वतः सही ठोकून. माझा धाकटा भाऊ घर सोडून गेलेला होता आणि त्याला पाठ असलेला तो एकच नंबर होता. तो कुठे राहतो, काय खातो, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्याकडून आमच्यापर्यंत यायची एकच वाट उरली होती, ते दहा आकडे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. माहीत नव्हतं हे खरंच आहे. मी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे. वडील भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे आणि आम्ही गोडदेवला चाळीत राहायचो. घरात मोबाईल आला तेव्हा बोलण्याला पैसे पडायचे, मिस कॉल फुकट होता. वडिलांनी लगेच कायदा केला. एक रिंग देऊन कट केलं तर समजायचं, पोचलो. दोन रिंगा म्हणजे खुशाल आहे, काळजी नको. तिसरी वाजली तर उचलायचा, काम आहे. गावाला गेले की एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांची एक रिंग यायची आणि संध्याकाळी जेवणाआधी दोन. गावचे काका त्यांना म्हणायचे, “दोन शब्द बोललास तर तोंड झिजेल काय रे?” वडील हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा दोनच रिंगा द्यायचे. पुढे बोलणं स्वस्त झालं, जग तासन्‌तास बोलायला लागलं, पण आमच्या घरात हा कायदा तसाच राहिला. मी लग्न होऊन जेसल पार्कला आले तरी ऑफिसला पोचल्यावर आईला एक रिंग द्यायचे. सासूबाईंना वाटायचं, ही नवऱ्याला चोरून कुणाला मिस कॉल देते.

आईला तिचं सिम भावाने घेऊन दिलं होतं. तोही वडिलांच्याच गाळ्यात लागला होता, पहिल्या पगाराचं सिम. आईला आकडे वाचता येत नाहीत. दोन दाबून धरलं की मी आणि तीन दाबून धरलं की तो, एवढं त्याने तिला शिकवलं. स्वतःचा नंबर मात्र तिला कधी पाठ झाला नाही. कुणी विचारला की ती भावाकडे बघायची आणि तो शाळेतल्या पाढ्यासारखा एका दमात म्हणून दाखवायचा. आई कौतुकाने ऐकत राहायची.

मग तो प्यायला लागला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही, ज्या घरात हे झालंय त्यांना कळेल. पॉलिशची काळी धूळ छातीत बसून वडील गेले. त्यांच्या तेराव्याला पानं वाढलेली, गावाहून माणसं आलेली, आणि हा भरपूर पिऊन दारात उभा. मला संताप अनावर होतो, तो आमच्या आजोबांकडून आलेला आहे असं आई म्हणते. सगळ्यांदेखत मी त्याच्या मुस्कटात दिली आणि म्हणाले, पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस. खिशातला फोन काढून त्याने फडताळावर ठेवला, चपला घातल्या आणि गेला. आम्हाला वाटलं, उतरली की येईल. तो आला नाही.

आठवडाभराने आईने विषय काढला तेव्हा मी तिला बजावलं, त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. तिने ते इतकं तंतोतंत पाळलं की मला ते जडच जायला लागलं. पण मी कशाला ते दाखवतेय.

काही वर्षांनी मोबाईल कंपन्यांनी नियम बदलला. आता नुसता फोन येण्यासाठीसुद्धा दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज लागायला लागला. नाही केला तर येणाराही बंद. आई तेव्हा नवघरला एका केटररकडे चपात्या लाटायची. जिला एकादशी कधी आली कधी गेली कळत नाही, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर हळदीचे ठिपके देऊन अठ्ठावीस दिवस मोजायला लागली. सत्ताविसाव्या दिवशी मला फोन यायचा, “बाय, उद्या बंद पडल. बघ तेवडा.” मी कामात असायचे. म्हणायचे, करते गं, तुला काय कुठल्या मंत्र्याचा फोन यायचाय? एकदा मी खरंच विसरले. तिसऱ्या दिवशी आई जेसल पार्कला चालत आली. गुडघे धरून पायरीवर बसली आणि म्हणाली, “फोन मेला माजा.” मी तिथल्या तिथे रिचार्ज केला आणि वर तिलाच ओरडले. भर उन्हात एवढ्याशा कामासाठी चालत यायचं काय अडलं होतं, म्हणाले.

त्याच सुमारास गोडदेवची चाळ पुनर्विकासासाठी पाडली. सगळ्यांना भाडं देऊन बाहेर काढलं आणि त्या जागेभोवती निळे पत्रे उभे राहिले. आईला मी नवघरला एका जुन्या घरामागची खोली बघून दिली. माझ्याकडे राहा म्हटलं होतं, पण लेकीच्या घरी पडून राहायचं नाही, हे तिचं ठरलेलं. गुडघ्यांनी दगा दिला, चपात्यांचं काम सुटलं. रेशनकार्ड पिवळं होतं ते पिवळंच राहिलं.

आणि त्या पिवळ्या कार्डावर एक योजना आली. एका संस्थेने गरजू घरांसाठी काढली होती. साधा बटणांचा फोन, सिम आणि वर्षभराचं बोलणं फुकट, त्यानंतरही सवलतीत चालू. मला ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि मी खूश झाले. दर अठ्ठावीस दिवसांची कटकट संपणार होती. मी आधी चौकशी केली, झेरॉक्स काढल्या, फोटो काढले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला घेऊन नवघरच्या एका हॉलवर गेले. लग्नाचा हॉल होता, स्टेजवर कुठल्याशा साखरपुड्याची थर्माकोलची कमान अजून तशीच होती आणि तिच्याखाली टेबलं मांडून संस्थेच्या मुली बसल्या होत्या. बाहेर बायकांची रांग. कुणी गुहागरची, कुणी महाडची, कुणी उत्तरेकडची. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यात रेशनकार्ड.

आमचा नंबर लागला तेव्हा टेबलावरच्या मुलीने नियम सांगितला. एका कार्डावर एकच कनेक्शन. घरात आधीचा चालू मोबाईल असेल तर एक तर तो बंद करतोय असं लिहून द्यायचं, नाहीतर तोच नंबर या योजनेत आणायचा.

“जुना नंबर ठेवायचाय का काकींना?” तिने विचारलं. “मग पोर्टिंगचा फॉर्म वेगळा आहे. मेसेज येईल, आठ दिवसांनी परत यावं लागेल. नवीन घेतलात तर आत्ताच चालू करून देते.”

माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक रजा आली, साहेबांचं तोंड आलं, ही रांग आली. मी म्हणाले, “नवीनच द्या.”

दोन शब्द. आईला विचारावं असं मनातही आलं नाही. ती माझ्या शेजारीच उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला सगळं बोलणं कळलं नसावं, पण जुना आणि नवीन हे शब्द कानावर पडले असणार. तिने माझं कोपर धरलं आणि हळूच म्हणाली, “नंबर तोच ऱ्हायल ना गो?”

“हो गं, तोच,” मी म्हणाले. “फोन बदलला म्हणून तू काय बदलणारेस?”

ती टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, जाऊ दे, समजावत बसलं तर दुपार होईल. मुलीने फॉर्म पुढे सरकवला. मी जुन्या फोनमधलं सिम काढलं आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डब्यात चहाचे कागदी कप होते, त्यांच्यात ते पडलं. आईने ते पाहिलंही, पण सिम म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं होतं? तिच्या दृष्टीने नंबर तिचा होता, जसं तिचं नाव तिचं होतं. माणूस गोडदेवहून नवघरला गेला म्हणून नाव मागे राहत नाही. नंबर कसा राहील?

त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता, हे लिहायला मला लाज वाटते. ऑफिसात मी चार जणींना सांगितलं की असली कामं कशी झटपट उरकून घ्यायची ते माझ्याकडून शिका. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या बैलासोबत दुसऱ्यांचीही गाडी रिकामी गेली.

त्यानंतर आई मला एक चमत्कारिक गोष्ट करायला लावायची. मी नवघरला गेले की नवा फोन माझ्या हातात देऊन म्हणायची, “वाजतो काय बघ.” मी माझ्या फोनवरून लावायचे. तिच्या हातात तो मोठ्याने वाजायचा. “वाजतोय ना? मग?” मी म्हणायचे. “वाजतो तर,” ती म्हणायची, आणि त्याच्याकडे बघत बसायची. पुढे पुढे ती विचारायला लागली की खोलीत रेंज येते का, मागच्या भिंतीमुळे अडत तर नाही. मी म्हटलं, नाही अडत. तरी ती दिवसा अंगणातल्या नळापाशी, उघड्यावर बसायला लागली. दोन वर्षांत ती वाळत गेली. रक्त तपासून घेतलं, टॉनिक आणलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणाले.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तिसऱ्या वर्षी, म्हणजे ती योजना घेतल्यानंतरच्या तिसऱ्या गणपतीला, आई सकाळीच मोदक वळायला आली. आल्या आल्या फोन काढून तिने ओट्यावर, पिठाच्या परातीशेजारी ठेवला. मी म्हटलं, पीठ लागेल, आत ठेव. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे. आरती सुरू झाली तरी ती बाहेर आली नाही. आरती संपून मी प्रसादाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती परातीसमोर बसली होती, हात कोरडे, उकड गार होऊन घट्ट झालेली.

“काय झालं गं?”

“बाय, रागावू नको,” ती म्हणाली. “दोन वर्सं झाली, त्याची रिंग आली नाय. आजची तिसरी चवथ. आरती पन झाली. तो ग्येला असल काय गो?”

मी खाली बसले. मग तिने सगळं सांगितलं, अगदी कमी शब्दांत, माझी भीती वाटल्यासारखं. भाऊ गेला त्याच वर्षी चतुर्थीला, बरोबर आरतीच्या वेळेला, फोन दोनदा वाजून बंद झाला. अनोळखी नंबर. दिवाळीला पहिल्या अंघोळीच्या सकाळी पुन्हा दोनदा. दर वर्षी, दर वेळी वेगळा नंबर, कुणाकुणाचा मागून घेतलेला असणार. एकदा तिने शेजारणीकडून उलटा फोन लावून घेतला तर कुणी हिंदीत म्हणाला की हा हॉटेलचा फोन आहे. त्यानंतर तिने लावला नाही.

“बोलायचं आसतं तर बोलला आसता,” आई म्हणाली. “नसंल बोलायचं. मी म्हनलं, हाय एवडं कळतंय ना, पुरे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू नाव काडू नको म्हनलीस.”

म्हणजे ते हळदीचे ठिपके, ते उन्हातून चालत येणं, सगळं या दोन रिंगांसाठी होतं. वर्षातून दोनदा येणाऱ्या मिस कॉलसाठी ती बाकीचे सगळे दिवस फोन जिवंत ठेवत होती. आणि मी त्यातलं सिम कागदी कपांच्या डब्यात टाकलं होतं. मला तिथे ओरडून रडावंसं वाटलं, पण बाहेर सासरची माणसं होती आणि मोदक व्हायचे होते. मी तिच्या समोर बसून गार उकड पुन्हा मळायला घेतली. तिला काहीच सांगितलं नाही. मला धैर्य झालं नाही.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी आईचा जुना नंबर लावला. माझ्या फोनमध्ये तो अजून ‘आई’ म्हणूनच होता, नव्या नंबराला मी ‘आई नवीन’ असं नाव दिलं होतं. रिंग गेली. एका पुरुषाने उचलला. हिंदीत बोलणारा, टेम्पो चालवणारा माणूस निघाला. मी त्याला विचारलं, हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे?

“डेढ़ साल से ऊपर हो गया,” तो म्हणाला. “क्यों?”

मी सांगितलं, आधी आईचा होता. यावर कुणाचे मिस कॉल यायचे का, दोन रिंगा देऊन कट केलेले?

तो म्हणाला, “आते थे, बहनजी. पहले एक दिवाली की सुबह आया. फिर पिछले साल, जिस दिन गणपति बैठते हैं उसी दिन. मेरे टेम्पो में किसी की मूर्ति थी, ट्रैफिक में फँसा था, दिमाग खराब था. मैंने उल्टा लगाया. बोला, कौन है भाई, क्यों परेशान करता है. वो बोला, ये मेरी माँ का नंबर है. मैं बोला, अब मेरा है, कंपनी ने दिया है.”

“मग? फिर?”

“फिर वो बोला, माँ ये नंबर कभी नहीं छोड़ेगी. फिर मुझे लगा कट गया. फिर उसने पूछा, कब हुआ?”

मी जिन्याचा कठडा धरला.

“मैं समझा ही नहीं, क्या कब हुआ. मैंने बोला मुझे क्या मालूम भाई, और गाड़ी आगे ली. उसके बाद फिर कभी नहीं आया.” मग त्याने विचारलं, “माताजी हैं ना?”

“हैं,” मी म्हणाले.

“हे भगवान,” तो म्हणाला. “ये तो बहुत गलत हो गया.”

चांगला माणूस होता, त्याचा दोष नव्हता. मी रडतेय हे ऐकून त्याने फोन ठेवला नाही. ज्या फोनवर तो कॉल आला होता तो नंतर पाण्यात पडून गेला, त्यामुळे भावाने कुठल्या नंबरावरून लावला होता ते त्याच्याकडे नव्हतं. तरी एक दिवस टेम्पो बाजूला लावून तो माझ्याबरोबर कंपनीच्या दुकानात आला. तिथे म्हणाले, इतकं जुनं रेकॉर्ड पोलिसांच्या पत्राशिवाय निघत नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस स्वतःच्या पायाने गेलाय, इतक्या वर्षांनी कसलं पत्र देणार, अर्ज ठेवून जा. मी अर्ज ठेवून आले. पुन्हा कधी दोन रिंगा आल्याच तर त्याला तुमचा नंबर देईन, असं टेम्पोवाल्याने सांगितलं. मेलेल्या आईच्या फोनवर कोण रिंग देणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

गोडदेवलाही जाऊन आले. आमच्या चाळीच्या जागी आता तळमजल्याचे खांब उभे आहेत. पत्र्याच्या फटीतून बघितलं. समजा तो तिथवर आला असता तरी त्याला कोण सांगणार होतं की आई इथून चालत दहा मिनिटांवर राहते?

आठवड्याने मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं, हॉलपासून. एकदा खोटं बोलून झालं होतं, तेवढं पुरे होतं. तिने मधे एकदाच तोंड उघडलं. “तोच नंबर हाय म्हनलीस ना तू,” असं म्हणाली. त्यात राग नव्हता, ती नुसती आठवत होती. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मला मार, म्हणाले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी गेल्या चवथीपातूर तर होता. जिता हाय तो.” आणि तिच्या तोंडावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं. तिने उठून चहा टाकला. मला दोन वेळा विचारलं, त्या टेम्पोवाल्याला त्याचा आवाज कसा वाटला, खोकत होता काय, प्यालेला वाटला काय. मी म्हटलं, त्याने तसं काही सांगितलं नाही. “मंग नसंल प्यालेला,” ती म्हणाली. “प्यालेला कळतो.”

मला वाटलं, चला, निदान हे तरी. तो काय समजून बसलाय हे तिला कळलं नसेल किंवा कळूनही तिने मनावर घेतलं नसेल, असं मी धरून चालले. माणूस स्वतःच्या सोयीचं तेवढं धरून चालतो.

मग पितृपक्ष लागला. चौथ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जाताना तिच्याकडे डोकावले. ती अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून उंबऱ्यात बसली होती. वडिलांची तिथी त्या दिवशी नव्हती. चुलीवर काही नव्हतं.

“आज चवथ ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मानूस कदी ग्येला ठावं नसलं की कळल्याचा दिवस धरत्यात,” ती म्हणाली. “त्येला चवथीला कळलं. आज माजं पान वाडंल तो.”

मी तिच्याजवळ टेकले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“डोकं भादरलं असंल त्यानं येकट्यानंच. कोन होतं त्येच्या जवळ?” ती म्हणाली. “भात तरी धड शिजवता येतो काय त्येला. कुनाकडं मागून आनंल. कुटं तरी गच्चीवर न्हायतर रस्त्याच्या कडंला ठेवंल. आन कावळा शिवायचा नाय गो. मी हितं बसलेय, कावळा कसा शिवंल?”

“आई, नको ना.”

“तो तसाच उबा ऱ्हायल उन्हात. त्येला वाटंल, आईचा जीव कशात तरी अडाकलाय. मंग काय काय कबूल करंल. दारू सोडतो म्हनंल. गावचं घर शाकारतो म्हनंल.” ती थांबली. अंगणातल्या नळाकडे बघत राहिली, मग माझा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. “मंग म्हनंल, ताईच्या पाया पडतो, तिच्याशी पुन्ना भांडनार नाय, पन तू ये. म्हनंल बग तो.”

ती माझ्याकडे वळली.

“मंग तरी शिवंल काय गो?” आईने विचारलं.

मी म्हटलं, नाही.